सक्ती आणि सोय: ऑस्ट्रेलियाने मतदान कसे वाढवले

१९२२ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या संघीय निवडणुकीत यादीत नाव असलेल्या मतदारांपैकी ६० टक्केही लोक मतदानाला गेले नाहीत. आधीच्या, म्हणजे १९१९ च्या निवडणुकीत हे प्रमाण ७१ टक्क्यांच्या वर होते. १९२२ नंतर तीन वर्षांनी, १९२५ मध्ये, ते एकदम ९१ टक्क्यांवर गेले आणि त्यानंतर शंभर वर्षे ९० च्या आसपासच राहिले आहे. या दोन निवडणुकांच्या मध्ये एक छोटा कायदा झाला. सबळ कारण नसताना मत न देणाऱ्याला त्यात दंड ठेवला होता.

ऑस्ट्रेलियाचे नाव निघाले की हा दंडच लोकांना आठवतो. पण ९० टक्के मतदानामागे दंडाइतकीच दुसरी गोष्ट आहे: मतदान सक्तीचे करताना तेथील यंत्रणेने ते सोपे करण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली. शिवाय लोकांनी मत देणे आणि त्या मतांतून न्याय्य प्रतिनिधित्व मिळणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नासाठी त्या देशाला वेगळ्या सुधारणा कराव्या लागल्या, आणि त्यांतल्या काही पुन्हा दुरुस्त कराव्या लागल्या.

कायद्याआधीची तयारी

निवडणुकीच्या पद्धतीत प्रयोग करण्याची सवय या देशाला जुनी आहे. सरकारने छापलेली मतपत्रिका घेऊन, आडोशाला जाऊन गुप्तपणे खूण करायची, ही आज जगभर रुळलेली रीत १८५६ मध्ये व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी सुरू केली. त्याआधी ब्रिटनप्रमाणे येथेही मत उघडपणे द्यावे लागे आणि मालक, घरमालक किंवा सावकार यांचे लक्ष असे. १९०१ मध्ये सहा वसाहती मिळून संघराज्य झाले आणि १९०२ मध्ये स्त्रियांना संघीय निवडणुकीत मताधिकार व उमेदवारीचा हक्क मिळाला.

मताधिकार होता, पण उत्साह नव्हता. १९०३ च्या निवडणुकीत जेमतेम निम्म्या मतदारांनी मत दिले. १९११ मध्ये संसदेने मतदार यादीत नाव नोंदवणे सक्तीचे केले. त्याच सुमारास संघीय मतदान शनिवारी घेण्याचा नियम झाला, म्हणजे कामगाराची मजुरी बुडणार नाही. यादी पूर्ण झाली आणि दिवस सोयीचा ठरला. सक्तीच्या मतदानाचा कायदा पुढे यशस्वी झाला, त्याचा पाया या दोन निर्णयांनी घातला. यादीतच नाव नसेल तर दंड कोणाला करायचा, हा प्रश्न ऑस्ट्रेलियापुढे आला नाही.

१९२४ चा कायदा

पहिला प्रयोग क्वीन्सलँड राज्यात झाला. तेथील डिग्बी डेनम यांच्या लिबरल सरकारला वाटत होते की मजूर पक्ष कामगार संघटनांच्या बळावर आपले मतदार केंद्रापर्यंत आणतो आणि आपले समर्थक मात्र घरी राहतात. सगळ्यांनाच मत द्यायला लावले तर हा फरक मिटेल, असा हिशेब होता. १९१५ ची राज्य निवडणूक सक्तीच्या मतदानाने झाली. मतदान वाढले, पण मजूर पक्ष जिंकला आणि डेनम स्वतःच्या मतदारसंघातही हरले. घरी राहणारे मतदार कोणाचे असतात, याचा राजकारण्यांचा अंदाज चुकू शकतो हे त्या निकालाने दाखवून दिले.

१९२२ च्या घसरणीनंतर टास्मानियाचे सिनेटर हर्बर्ट पेन यांनी जुलै १९२४ मध्ये खासगी विधेयक मांडले. स्टॅन्ली ब्रूस यांच्या सरकारने ते स्वतः आणले नाही, पण अडवलेही नाही. दोन्ही सभागृहांत फारशी चर्चा न होता ते महिनाअखेरीपर्यंत मंजूर झाले. दोन्ही बाजूंच्या पक्षांचा त्यात फायदा होता. मतदाराला घरातून बाहेर काढण्यासाठी लागणारी गाड्याघोड्यांची आणि कार्यकर्त्यांची फौज, आणि तिच्यावरचा खर्च, आता कायद्यामुळे वाचणार होता.

समाजवादी कार्यकर्ते अर्नेस्ट जड यांनी या सक्तीला न्यायालयात आव्हान दिले. सगळे उमेदवार भांडवलशाहीचेच समर्थक आहेत, म्हणून आपण कोणालाही मत दिले नाही, असा त्यांचा बचाव होता. १९२६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने, म्हणजे तेथील सर्वोच्च न्यायपीठाने, तो फेटाळला. उमेदवार पसंत नसणे हे मतदानाला न जाण्याचे सबळ कारण ठरत नाही, हा पायंडा तेव्हा पडला.

सक्तीच्या बाहेर ठेवलेले लोक

‘सर्वांनी मत द्यावे’ असे म्हणणाऱ्या या देशाने काही लोकांना मताधिकारच दिला नव्हता. स्त्रियांना मत देणाऱ्या १९०२ च्या कायद्यानेच मूळनिवासी आणि आशियात जन्मलेल्या बहुतेकांना वगळले होते. त्यात ब्रिटिश हिंदुस्थानातून गेलेले लोकही होते, जरी ते ब्रिटिश साम्राज्याचेच प्रजाजन होते. नामदार गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे तेव्हाचे अध्यक्ष व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेले आणि तेथील हिंदी लोकांच्या मताधिकाराचा प्रश्न त्यांनी सरकारपुढे मांडला. १९२४ मध्ये मेलबर्नमध्ये राहणाऱ्या मिट्टा बुलोश या हिंदी गृहस्थांनी यादीतील नावासाठी खटला लढवून जिंकला. १९२५ मध्ये कायदा बदलून ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्यांना मताधिकार देण्यात आला. सक्तीच्या मतदानाची पहिली निवडणूकही त्याच वर्षी झाली.

मूळनिवासींना मात्र आणखी बराच काळ थांबावे लागले. संघीय निवडणुकीसाठी नाव नोंदवून मत देण्याचा हक्क त्या सर्वांना १९६२ मध्ये मिळाला. तोही ऐच्छिक होता. नोंदणी आणि मतदान यांची इतरांसारखी सक्ती त्यांना १९८४ पासून लागू झाली.

दंड किती, धाक किती

मत न देणाऱ्याला निवडणूक आयोगाचे पत्र येते. त्याने कारण कळवायचे किंवा २० ऑस्ट्रेलियन डॉलर भरायचे. आजारपण, अचानक आलेली अडचण, परदेशी असणे ही कारणे चालतात. मतदानापासून दूर राहणे हे आपले धार्मिक कर्तव्य आहे अशी श्रद्धाही कायद्याने सबळ कारण मानली आहे. पत्राला उत्तरच दिले नाही तर प्रकरण न्यायालयात जाऊ शकते आणि तेथे दंड वाढतो.

२० डॉलर ही तेथे फार मोठी रक्कम नाही. कोणाला मत दिले किंवा मतपत्रिका कोरीच टाकली, हे गुप्ततेमुळे तपासताही येत नाही. म्हणजे व्यवहारात सक्ती आहे ती केंद्रावर जाऊन नावापुढे खूण करून घेण्याची. तरीही ती परिणामकारक ठरते, कारण तीन-चार पिढ्यांत मतदान हे कर भरण्यासारखे ठरलेले काम होऊन बसले आहे.

मतदाराकडे जाणारी यंत्रणा

सक्तीची दुसरी बाजू निवडणूक यंत्रणेच्या कामात दिसते. मतदान शनिवारी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळात होते. मतदाराला ठरावीक केंद्राचे बंधन नसते, आपल्या मतदारसंघातील कोणत्याही केंद्रावर तो मत देतो. राज्यातच पण दुसऱ्या मतदारसंघात असला तरी तेथील केंद्रावर ‘गैरहजर मतदार’ म्हणून मत देता येते, ते पाकीटबंद होऊन त्याच्या मतदारसंघात मोजले जाते. दुसऱ्या राज्यात असलेल्यांसाठी वेगळी केंद्रे असतात. ज्यांना त्या दिवशी जमणार नाही ते आधीच्या दिवसांत खास केंद्रांवर किंवा टपालाने मत देतात. २०२५ च्या निवडणुकीत यादीतील सुमारे १ कोटी ८१ लाख मतदारांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोकांनी मतदानाच्या दिवसाआधीच केंद्रावर जाऊन मत दिले होते.

रुग्णालये, वृद्धाश्रम आणि दुर्गम वस्त्यांपर्यंत फिरती पथके जातात, काही ठिकाणी हेलिकॉप्टरने किंवा बोटीने. अंटार्क्टिकातील संशोधन तळांवरही मतदानाची सोय आहे, मात्र तेथे ते सक्तीचे नाही. यादी अद्ययावत ठेवण्याचे कामही आयोग करतो. २०१२ पासून इतर सरकारी नोंदींच्या आधारे आयोग स्वतःहून नाव यादीत घालू शकतो किंवा पत्ता बदलू शकतो. हा ऑस्ट्रेलियन निवडणूक आयोग १९८४ मध्ये स्वतंत्र संस्था म्हणून स्थापन झाला. निवडणुका घेण्याबरोबर मतदारसंघांची नियमित पुनर्रचनाही त्याच्याच यंत्रणेकडून होते.

बरीच केंद्रे शाळांमध्ये असतात. पालकांच्या समित्या तेथे शाळेच्या मदतीसाठी पावात गुंडाळलेले सॉसेज विकतात, शेजारीपाजारी भेटतात, मुले सोबत असतात. शनिवारची सकाळ जत्रेसारखी जाते.

पसंतीक्रमाचे मत

आता दुसरा प्रश्न: दिलेल्या मतांतून प्रतिनिधी कसा निवडायचा? भारतात लोकसभेला आणि विधानसभेला वापरतात ती पद्धत, म्हणजे ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, ऑस्ट्रेलियातही सुरुवातीला होती. ऑक्टोबर १९१८ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियातील स्वान मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मजूरविरोधी मते नॅशनलिस्ट पक्ष आणि शेतकऱ्यांचा उमेदवार यांच्यात फुटली आणि मजूर पक्षाचा २२ वर्षांचा एडविन कॉर्बॉय सुमारे ३४ टक्के मतांवर निवडून आला. जवळजवळ दोन तृतीयांश मतदारांनी त्याच्या विरोधात मत दिले होते. सत्ताधाऱ्यांनी लगेच पसंतीक्रमाची पद्धत आणली. डिसेंबरमध्ये व्हिक्टोरियातील कोरँगमाइट येथे ती प्रथम वापरली गेली. पहिल्या मोजणीत आघाडीवर असलेले मजूर पक्षाचे जेम्स स्कलिन, जे पुढे पंतप्रधान झाले, पुढच्या पसंतीची मते मोजल्यावर शेतकऱ्यांच्या उमेदवाराकडून हरले.

या पद्धतीत मतदार प्रत्येक उमेदवारापुढे १, २, ३ असे क्रमांक लिहितो. समजा १०० मतांत पहिल्या पसंतीची मते क ला ४०, ख ला ३२, ग ला १८ आणि घ ला १० पडली. निम्म्याहून जास्त मते कोणालाच नाहीत, म्हणून सर्वांत मागचा घ बाद होतो. त्याच्या १० मतपत्रिकांवर दुसरी पसंती कोणाची ते पाहतात: ८ ख ला, २ ग ला. आता क आणि ख ४०-४० वर, ग २० वर. ग बाद होतो, त्याची १४ मते ख कडे आणि ६ क कडे जातात. ख ५४ मतांनी विजयी. साध्या पद्धतीत क जिंकला असता. महाराष्ट्रातील पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांच्या मतमोजणीत ‘पहिल्या पसंतीची मते’ आणि उमेदवार बाद करण्याच्या फेऱ्या असतात, त्यांचेच हे भावंड आहे.

यामुळे मतदाराला लहान पक्षाला पहिली पसंती देताना मत वाया जाण्याची भीती राहत नाही, आणि एका विचाराचे दोन पक्ष एकमेकांची मते न फोडता उभे राहू शकतात. उमेदवारालाही विरोधकाच्या समर्थकांकडून दुसरी पसंती हवी असते, म्हणून जहाल बोलण्याला थोडा लगाम बसतो.

सिनेटची दुरुस्ती आणि फेरदुरुस्ती

पसंतीक्रमाने प्रत्येक मतदारसंघातला निकाल सुधारतो, पण संपूर्ण देशातील मतांचे आणि जागांचे प्रमाण जुळतेच असे नाही. सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, हे फार ठळकपणे दिसले. तेथे एका राज्यातील सगळ्या जागा एकाच पक्षाच्या पदरात पडत. १९४६ च्या निवडणुकीनंतर ३६ पैकी ३३ सिनेटर मजूर पक्षाचे होते आणि विरोधक उरले तीन. १९४८ मध्ये कायदा बदलून सिनेटसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, एकल संक्रमणीय मताची पद्धत आली. आपल्याकडील राज्यसभेच्या निवडणुकीसारखा तेथे कोटा असतो. एका राज्यातून सहा जागा भरायच्या असतील तर कोटा सुमारे १४.३ टक्के. त्यामुळे लहान पक्षांना सिनेटमध्ये स्थान मिळाले आणि पुढे बहुतेक सरकारांना तेथे इतरांशी बोलून कायदे मंजूर करून घ्यावे लागले.

या पद्धतीचेही दुखणे निघाले. डझनावारी उमेदवारांपुढे क्रमांक लिहिताना मतदार चुकत आणि मते बाद होत. म्हणून १९८४ मध्ये सोपा मार्ग दिला: मतपत्रिकेवरील रेषेच्या वर एका पक्षापुढे फक्त १ लिहायचे, बाकीच्या पसंती त्या पक्षाने आधी आयोगाकडे दिलेल्या यादीप्रमाणे धरायच्या. बाद मते कमी झाली, पण पसंतींचा व्यवहार पक्षांच्या हाती गेला. छोटे छोटे पक्ष निघू लागले आणि आपसांत पसंतींची देवाणघेवाण करू लागले. २०१३ मध्ये व्हिक्टोरियातून मोटारप्रेमींच्या पक्षाचे रिकी म्युअर पहिल्या पसंतीच्या अवघ्या ०.५१ टक्के मतांवर सिनेटर झाले. त्याच वर्षी न्यू साउथ वेल्समध्ये ११० उमेदवार होते. मतपत्रिका मीटरभर रुंद झाली आणि बारीक अक्षरे वाचण्यासाठी केंद्रांवर भिंगाचे पत्रे ठेवावे लागले. अखेर २०१६ मध्ये पक्षांनी ठरवलेल्या पसंती रद्द झाल्या आणि रेषेवर मतदारानेच किमान सहा पक्षांपुढे क्रमांक लिहावेत असा नियम झाला.

उरलेले दोष

प्रतिनिधिगृहात, म्हणजे खालच्या सभागृहात, मतांचे आणि जागांचे अंतर अजून कायम आहे. मे २०२५ मध्ये मजूर पक्षाला पहिल्या पसंतीची सुमारे ३४.६ टक्के मते आणि १५० पैकी ९४ जागा मिळाल्या. ग्रीन पक्षाला १२ टक्क्यांवर मते मिळूनही एकच जागा मिळाली. दुसऱ्या-तिसऱ्या पसंती धरल्या तर मजूर पक्षाला बहुसंख्यांची मान्यता होती, हे पद्धतीच्या समर्थकांचे उत्तर. पण एक-सदस्यीय मतदारसंघ असेपर्यंत विखुरलेल्या समर्थकांच्या पक्षाला न्याय मिळत नाही, ही टीकाही खरी आहे.

प्रतिनिधिगृहासाठीची सुमारे ५ टक्के मते बाद होतात. त्यांत रागाने कोरी टाकलेली असतात आणि क्रमांक चुकलेलीही. घरात इंग्रजी न बोलणाऱ्या स्थलांतरितांची वस्ती मोठी आहे, अशा पश्चिम सिडनीत हे प्रमाण जास्त असते. नाइलाजाने आलेले काही मतदार वरून खाली १, २, ३ लिहून मोकळे होतात. १९३७ मध्ये, उमेदवारांची नावे वर्णानुक्रमे लागत असत तेव्हा, न्यू साउथ वेल्समध्ये मजूर पक्षाने सिनेटसाठी ‘ए’पासून आडनाव सुरू होणारे चार उमेदवार उभे केले. चौघेही निवडून आले. आता नावांचा क्रम सोडत काढून ठरतो.

सक्ती काढली तर

मत न देणे हेही स्वातंत्र्य आहे, आणि अनिच्छेने दिलेल्या मताला किंमत काय, असा मुख्य आक्षेप सक्तीवर घेतला जातो. समर्थक म्हणतात की मतदान ऐच्छिक असले की गरीब, तरुण आणि कमी शिकलेले लोक जास्त प्रमाणात गळतात आणि सरकारे मत देणाऱ्यांचीच काळजी घेतात. इतर देशांचे अनुभव दुसऱ्या बाजूला बळ देतात. नेदरलँड्सने १९७० मध्ये सक्ती काढली. १९६७ ला सुमारे ९५ टक्के असलेले संसदीय मतदान १९७१ ला ७९ टक्क्यांवर आले. चिलीने २०१२ मध्ये मतदान ऐच्छिक केले, आणि २०१३ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या अंतिम फेरीत सुमारे ४२ टक्केच मतदार आले. २०२२ मध्ये नव्या संविधानावरील सार्वमतासाठी सक्ती परत आणली तेव्हा ते प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर गेले.

ऑस्ट्रेलियातच असा दाखला मिळतो. साउथ ऑस्ट्रेलियात स्थानिक परिषदांचे मतदान ऐच्छिक आहे, आणि तेथे साधारण एक तृतीयांश मतदार मत देतात. तेच लोक संघीय निवडणुकीत ९० टक्के येतात. याला एक अपवादही आहे. समलिंगी विवाहावर २०१७ मध्ये टपालाने घेतलेला कौल ऐच्छिक होता, तरी ७९.५ टक्के लोकांनी उत्तर पाठवले. घरी आलेला कागद भरून परत टाकायचा होता आणि प्रश्न लोकांच्या जिव्हाळ्याचा होता.

भारतासाठी काय

भारतात सक्तीचा प्रयत्न गुजरातने केला. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत मतदान सक्तीचे करणारे विधेयक तेथील विधानसभेने २००९ मध्ये मंजूर केले, २०१४ मध्ये त्याला राज्यपालांची संमती मिळाली आणि पुढे दंड १०० रुपये ठरला. ऑगस्ट २०१५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. त्याच वर्षी मार्चमध्ये विधी आयोगाने २५५ व्या अहवालात सक्तीच्या विरोधात मत दिले होते. ती लोकशाहीच्या भावनेशी विसंगत आहे आणि राबवणेही अवघड आहे, असे आयोगाचे म्हणणे होते.

ऑस्ट्रेलियाच्या अनुभवातून घेण्यासारखा दुसरा भाग मात्र दंडाविना राबवता येतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशात ६५.७९ टक्के मतदान झाले, तर मुंबईच्या सहाही मतदारसंघांत ते ५० ते ५८ टक्क्यांच्या दरम्यान राहिले. मुंबई-पुण्यात काम करणाऱ्या मजुराचे नाव बहुधा गावच्या यादीत असते, आणि मत देण्यासाठी त्याला गावच्या केंद्रावरच जावे लागते. स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना निवडणूक आयोगाने २०२३ च्या सुरुवातीला पक्षांपुढे ठेवला, पण मतैक्य न झाल्याने तो वापरात आला नाही. परदेशातील भारतीय नागरिकाला मतदार म्हणून नाव नोंदवता येते, मात्र मत द्यायला त्याला पासपोर्ट घेऊन आपल्या केंद्रावर हजर व्हावे लागते. मेलबर्नमध्ये राहणाऱ्या ठाण्याच्या माणसाला मतासाठी ठाण्याला यावे लागते. त्याच्या शेजाऱ्याने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेतले असेल आणि तो ऑस्ट्रेलियातील मतदानाच्या वेळी ठाण्याला आला असेल, तर त्याला मत टपालाने पाठवता येते.

जागांच्या हिशेबाचा प्रश्न भारतात वेगळा सोडवावा लागेल, कारण लोकसभेच्या मतदारसंघात सरासरी १५ लाखांहून अधिक मतदार असतात आणि मतदान यंत्रावर एकच कळ दाबायची असते. पसंतीक्रम आणायचा तर यंत्र, मोजणी आणि मतदार-शिक्षण तिन्ही बदलावे लागतील. ऑस्ट्रेलियातही हे बदल एकदम आले नाहीत. आधी गुप्त मतदान, मग पूर्ण यादी आणि सुट्टीचा दिवस, मग पसंतीक्रम, मग सक्ती, त्यानंतर सिनेटचे प्रमाणशीर मतदान आणि त्याची दुरुस्ती, या क्रमाला १८५६ पासून २०१६ पर्यंत १६० वर्षे लागली.